क्ष-किरण व किरणोपचार तंत्रज्ञानाचे शिक्षण : निर्णय घेण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या घरी पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत अपेक्षित गुण मिळाले नाहीत तर तो अधिकच टोचू लागतो. अशा वेळी कोणी नातेवाईक सहज सुचवतो, "एक्स-रेचा कोर्स कर, लगेच नोकरी लागेल." हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. ज्या शिक्षणावर मुलाची वा मुलीची तीन-चार वर्षे आणि आईवडिलांची साठवण खर्च व्हायची आहे, त्याची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे. धाराशिव जिल्ह्यातील कुटुंबांना तर या विषयाशी विशेष नाते आहे. ते नाते आधी पाहू.

धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. १९९९ साली या जिल्ह्याच्या गावोगावी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक मोठा अभ्यास सुरू झाला. शेजारच्या बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे ५२ गट पाडण्यात आले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट झाल्या. बार्शीचे डॉ. भगवान नेने हे या कामातील एक प्रमुख संशोधक होते. टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. केतायून दिनशॉ याही त्यात सहभागी होत्या. त्या स्वतः किरणोपचारतज्ज्ञ होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी नसलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांनी साऱ्या जगाला दिलेला हा धडा आहे.

तथापि तपासणीत रोग सापडणे ही अर्धीच वाट होय. उरलेली वाट उपचाराची. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढच्या टप्प्यावर गेलेला असेल तर मुख्य उपचार किरणोत्सर्गाचा असतो. साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे, म्हणजे सुमारे २५ वेळा रुग्ण यंत्राखाली झोपते. त्याबरोबर ब्रॅकीथेरपी, म्हणजे किरणांचा स्रोत गाठीच्या अगदी जवळ नेऊन दिलेले उपचार असतात. प्रत्येक वेळी तिला तंतोतंत त्याच स्थितीत झोपवावे लागते. किरण थोडे जरी सरकले तरी गाठ सुटते आणि शेजारचे मूत्राशय वा आतडे भाजते. डॉक्टर उपचार ठरवतात, भौतिकशास्त्रज्ञ मात्रेचे गणित करतात. पण दररोज त्या रुग्णाला झोपवून, धीर देऊन, ते गणित प्रत्यक्षात उतरवणारा असतो तो किरणोपचार तंत्रज्ञ. "नुसते बटण दाबायचे काम" असे ज्याला म्हटले जाते, ते हे काम आहे.

या क्षेत्रात मुख्यतः चार वाटा आहेत आणि त्या एकच नव्हेत. पहिली निदानाची : एक्स-रे, सीटी स्कॅन व एमआरआय यांची. यांपैकी एमआरआयमध्ये चुंबकाचा उपयोग होतो, क्ष-किरणांचा नाही. दुसरी किरणोपचाराची. तिसरी न्यूक्लियर मेडिसिनची, जिच्यात किरणोत्सारी औषध शरीरात देऊन निदान वा उपचार करतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्ग औषधी केंद्र मुंबईत परळ येथे १९६३ पासून हे काम करीत आहे. चौथी वाट वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाची. ती लांबची आहे : प्रथम भौतिकशास्त्राची पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर किरणोत्सर्ग भौतिकशास्त्राची पदविका. भाभा केंद्रात ही पदविका १९६२ पासून शिकवली जाते.

येथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तंत्रज्ञाच्या पदवीसाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय सहसा लागतात. परंतु दहावीनंतर ज्याने गणित सोडले, त्याला भौतिकशास्त्रज्ञाची वाट पुढे बहुधा बंद होते. मुलाला गणिताची गोडी असेल तर ते घाईने सोडू देऊ नये.

आता भीतीचा विचार करू. "किरणांत काम केले तर मुलीचे लग्न कसे होईल, मुले कशी होतील?" हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. किरणोत्सर्ग घातक असू शकतो, हे खरेच आहे. म्हणूनच या कामावर कडक नियम आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यासाठी मर्यादा घातली आहे : पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० हून अधिक नाही. तुलनेसाठी, निसर्गातून प्रत्येक माणसाला जगात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. कर्मचाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो आणि त्यावर किती किरणोत्सर्ग नोंदला गेला, हे ठराविक काळाने तपासले जाते. स्त्री कर्मचाऱ्याने गरोदरपण कळवल्यावर बाळाला पुढच्या काळात १ मिलिसिव्हर्टहून अधिक मिळू नये, अशा रीतीने तिचे काम बदलून द्यावे लागते. १८ वर्षांखालील कोणालाही हे काम देता येत नाही.

एक्स-रे यंत्र बंद झाले की किरणही थांबतात. ते खोलीत साचून राहत नाहीत. बाहेरून किरण घेतलेली रुग्ण घरी गेल्यावर मुलांना जवळ घेऊ शकते. कोबाल्ट यंत्रातील स्रोत मात्र सतत किरण सोडत असतो, म्हणून तो जाड कवचात ठेवलेला असतो. न्यूक्लियर मेडिसिनमधील रुग्णांबाबतही काही काळ पथ्य पाळावे लागते. खरा धोका आहे तो नियम न पाळणाऱ्या ठिकाणी. जेथे बिल्ला दिला जात नाही, भिंतींना व दारांना योग्य संरक्षण नाही, तेथे नोकरी स्वीकारू नये.

प्रवेश घेताना याहूनही मोठा धोका संभवतो, तो मान्यता नसलेल्या शिक्षणाचा. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात या व्यवसायाचा स्पष्ट उल्लेख आहे. किरणोपचार केंद्रात कोणाला नेमता येते, याच्या अटी अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला काही प्रश्न विचारावेत. पदवी कोणते विद्यापीठ देणार? हा अभ्यासक्रम नव्या कायद्यानुसार आहे काय? प्रत्यक्ष प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, कोणत्या यंत्रांवर आणि किती महिने? मागील वर्षीचे विद्यार्थी आज कोठे काम करतात? उत्तरे लेखी मागावीत. "सहा महिन्यांत सोनोग्राफी शिकवू" अशा जाहिरातीस भुलू नये. सोनोग्राफी करण्याचा अधिकार गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने पात्र डॉक्टरांपुरताच ठेवला आहे.

आणि शेवटी स्वतःला विचारायचे प्रश्न. रात्रपाळी झेपेल काय? उलटी, जखम, दुर्गंधी पाहून मन मागे सरत नाही ना? शंभरावा रुग्ण पहिल्याइतक्याच काळजीने तपासता येईल काय? ज्याला केवळ डॉक्टर होता आले नाही म्हणून हे क्षेत्र घ्यायचे आहे, त्याने थांबून पुन्हा विचार करावा. कारण तंत्रज्ञ डॉक्टर होत नाही आणि ती खंत आयुष्यभर सलत राहते. किरणोपचाराची यंत्रे मोठ्या रुग्णालयांतच असतात, त्यामुळे गाव सोडण्याची तयारीही हवी. एक्स-रे मात्र तालुक्याच्या ठिकाणीही लागतो. ज्याला घराजवळ राहायचे आहे त्याने निदानाची वाट अधिक जवळची मानावी.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी, परवानगी घेऊन, एखाद्या रुग्णालयाच्या या विभागात अर्धा दिवस बसून यावे आणि तेथील तंत्रज्ञांशी बोलावे. माहितीपत्रक वाचून जे कळत नाही, ते तेथे कळते. आपल्या घरांतील अनेक मुलींनी परिचारिका होऊन आजाऱ्यांची सेवा केली आहे. ही सेवाही त्याच जातीची आहे. फक्त तिच्यात हाताच्या मायेबरोबर भौतिकशास्त्राची अचूकताही लागते. दोन्ही गोष्टी ज्याच्याजवळ आहेत, त्याने निःशंक मनाने पुढे जावे. भूम-परंड्याहून वा उमरग्याहून उपचारासाठी निघालेल्या एखाद्या माउलीला यंत्राशेजारी आपल्या बोलीत धीर देणारे माणूस भेटले, तर तिचे ते पाच आठवडे नक्कीच सुसह्य होतील.