फिरून फिरून भोपळे चौकात

कोपरगावच्या बाजारात एखाद्याने सहज म्हणावे, ‘यंदा उसाला भाव बरा मिळेलसे दिसते.’ ते राहात्यास पोचावे, राहात्याहून श्रीरामपुरास जावे, आणि चौथ्या दिवशी श्रीरामपूरच्या पाहुण्याने त्याच गृहस्थाच्या ओसरीवर बसून तीच बातमी त्यालाच ऐकवावी! गृहस्थ खूश. ‘पाहा, आता श्रीरामपूरकरही तेच म्हणतात!’ आपलेच बोलणे फिरून आपल्याकडे आले, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री तो २०२४ पासून अहिल्यानगर झाला, पण जुनी जीभ वळायला वेळ लागतो) अशा बातम्यांना तोटा नाही.

ही खोड माणसांचीच, असा माझा समज होता. यंत्रांनाही ती जडते हे मला गेल्या वर्षी कळले, आणि तेही परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी.

आमच्या महाविद्यालयाच्या इमारती दोन. विद्यार्थ्यांच्या नोंदींचा संगणक जुनीत, अर्ज भरायची सोय नवीत. दोहोंचा मेळ बसल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही, आणि त्या दिवशी सकाळपासून तो बसेना. संगणक चालू, तारा शाबूत. पण नव्या इमारतीतून निघालेली विचारणा मध्येच कुठे गडप होई, कोणास कळेना. बाहेर मुलांची रांग. तीत माझ्या वर्गातली एक मुलगी होती, अकोले तालुक्यातल्या डोंगरातून पहाटेच्या एस. टी.ने आलेली. तिच्याजवळ परीक्षेची फी होती. लेट फीचे पैसे नव्हते, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्कामाला ठिकाण नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला अशा वेळी व्हरांड्यात येरझाऱ्या घालण्याखेरीज काय येते?

शेवटी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. माझ्या विषयात तो काठावर पास झालेला. आता पुण्यास नेटवर्कचे काम करतो आणि नेमका सुट्टीला घरी आला होता. त्याने संगणकाला एक आज्ञा दिली. विचारणा कोणकोणत्या राउटरमधून जाते त्यांचे आकडे पडद्यावर उमटू लागले. तेच तीन आकडे, पुन्हा तेच तीन, पुन्हा तेच. “सर, फिरून फिरून भोपळे चौकात!” तो म्हणाला. माझे शिकविणे अगदीच वाया गेले नव्हते म्हणायचे.

राउटर म्हणजे नाक्यावर उभा राहून वाट सांगणारा माणूस. हे नाकेवाले एकमेकांना सतत बातम्या देत असतात, की अमुक ठिकाण माझ्याकडून इतके दूर. पण सर्वांची बोली एक नसते. आमच्या जुन्या इमारतीतली बोली ‘रिप’. मध्ये किती नाके लागतात ते ती मोजते, आणि पंधरापुढे मोजतच नाही. सोळा म्हणजे वाटच नाही. नव्या इमारतीतली ‘ओएसपीएफ’; ती सहसा रस्ता किती रुंद ते पाहून खर्च मांडते. दोहोंच्या सीमेवर एक दुभाष्या राउटर होता. तो बिघडलाच तर असावा म्हणून आदल्या संध्याकाळी दुसरा बसविला. हेतू चांगला. घोटाळा तिथेच झाला.

पहिल्याला दादा म्हणू, दुसऱ्याला भाऊ. दादाने जुन्या इमारतीतून ऐकले की नोंदींचा संगणक चार नाक्यांवर आहे. ते त्याने भाषांतर करून नव्या इमारतीत सांगितले, आणि फिरत फिरत ते भाऊच्या कानी आले. भाऊने तीच गोष्ट जुन्या इमारतीतून थेटही ऐकली होती. पण कोणत्या बोलीचा भरवसा किती धरायचा, याचा तक्ता या यंत्रांत असतो. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये ओएसपीएफचा आकडा ११०, रिपचा १२०. लहान आकडा वरचढ. म्हणून भाऊने थेट ऐकलेले सोडले आणि फिरून आलेले मानले. एवढ्यावर न थांबता ते पुन्हा रिपमध्ये उलथून जुन्या इमारतीत जाहीर केले: ‘नोंदींचा संगणक ना? माझ्याकडून एकच नाका!’

एकच का? इथे आमच्या भाषांतराच्या धंद्यातली गोष्ट येते. रुंदीचा हिशेब नाक्यांच्या हिशेबात उतरत नाही. तेव्हा नेमून दिलेला एक आकडा दुभाष्या ठोकून देतो. मूळचे चार नाके भाषांतरात गळाले, आणि बातमी मुळात कोठून निघाली तेही गळाले. जुन्या इमारतीतल्या नाकेवाल्याने खऱ्या लांबच्या वाटेपेक्षा ही जवळची म्हणून भाऊकडे बोट दाखविले, भाऊने दादाकडे, दादाने पुन्हा त्याच नाकेवाल्याकडे. सोळाची मर्यादाही कुचकामी, कारण सीमा ओलांडली की मोजणी पुन्हा एकापासून. यात लबाड कोणीच नव्हता. प्रत्येकाने ऐकलेलेच सांगितले.

बरे, निघालेल्या प्रत्येक पाकिटावर त्याच्या आयुष्याचा आकडा असतो, बहुधा ६४ किंवा १२८. दर नाक्यावर एक वजा होतो, शून्य झाले की पाकीट टाकून देतात. एरवी आमच्या विचारणा अजून फिरत असत्या.

मोठमोठी जाळी एकमेकांना जोडणारी ‘बीजीपी’ ही बोली १९८९ साली आली. तीत वाटेबरोबर ती कोणाकोणाच्या जाळ्यातून आली त्याची यादीच चालते, आणि यादीत आपला क्रमांक दिसला की वाट नाकारायची. सगोत्र निघाले की सोयरीक मोडावी तसे. पण २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेत ७००७ क्रमांकाच्या जाळ्यातल्या एका राउटरमधून हजारो वाटा बाहेर पडल्या, त्या ही यादी पुसली जाऊनच. जणू साऱ्या तिथेच जन्मल्या! इंटरनेटच्या मोठ्या भागातली वाहतूक तिकडे धावली. तो राउटर तोडल्यावरही त्या वाटा काही काळ हिंडतच राहिल्या.

आमच्या शिष्याने केलेला उपाय पोस्टाच्या शिक्क्यासारखा होता. ओएसपीएफमध्ये बाहेरून आणलेल्या बातमीवर खुणेचा आकडा चिकटवायला जागा असते. दुभाष्याने रिपमधून उचललेल्या प्रत्येक बातमीवर खूण करायची, आणि ती खूण दिसली की दुसऱ्याने ती रिपमध्ये परत न्यायची नाही. उलट दिशेला दुसरी खूण. (रिपच्या दुसऱ्या आवृत्तीत अशी जागा आहे, पहिलीत नव्हती, आमच्याकडे दैवाने दुसरी होती.) मग भरवशाचा तक्ताही बदलला. ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेल्या बातम्यांचा आकडा ११० चा १३० केला, म्हणजे थेट ऐकलेले वरचढ ठरले.

मी विचारले, “त्यापेक्षा भाऊला काढूनच टाकला तर?”

“आज भागेल सर. पण दादा बंद पडेल त्या दिवशी?”

पाच वाजायला आले होते. त्याने पुन्हा तीच आज्ञा दिली. या खेपेला पाचच ओळी उमटल्या आणि थांबल्या. रांग हलली. अकोल्याच्या त्या मुलीचा अर्ज सव्वापाचला गेला. पावतीची घडी वहीत घालून ती स्टँडकडे पळाली. घरी पोचल्याचा तिचा फोन रात्री नऊला आला.