ड्रायव्हर दारू प्यायला होता की नव्हता? ट्रकमालकाकडे याची नोंद का असायला हवी, साध्या भाषेत समजून घ्या

टोमॅटोचा सिझन सुरू झाला की नारायणगावच्या मार्केटमधून क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग लागते. ओतूर आणि आळेफाट्यावरून कांदा निघतो, मंचरवरून भाजीपाला. कुणी पुणे-नाशिक हायवेला लागतं, तर कुणी माळशेज घाट उतरून कल्याण, वाशी गाठतं. माल नाशवंत, त्यामुळे पहाटेच्या बाजाराला पोहोचायचं तर गाडी रात्रीच काढावी लागते.

माल मोजला जातो, बिल्टी बनते, ताडपत्री बांधली जाते. या सगळ्याचा कागद असतो. पण स्टेअरिंगवर बसलेला ड्रायव्हर शुद्धीत होता का, याचा कागद सहसा कुणाकडेच नसतो. अपघात झाला की पहिला प्रश्न मात्र तोच विचारला जातो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा. पहिल्यांदा सापडल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

गांजा, अफू किंवा नशेच्या गोळ्यांसाठी असा ठरावीक आकडा नाही. नशेमुळे गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता का, हे बघितलं जातं. नाक्यावर फुंकायला लावतात ते मशीन फक्त अल्कोहोल ओळखतं. बाकी नशेसाठी लॅबची तपासणीच लागते.

आता मुद्दा असा की ही टेस्ट घेण्याचा अधिकार पोलिसांना आणि आरटीओच्या अधिकाऱ्यांना आहे. गाडी सोडण्याआधी मालकाने ड्रायव्हरची टेस्ट घ्यावी आणि तिचं रेकॉर्ड ठेवावं, असं बंधन हा कायदा खासगी ट्रकमालकावर घालत नाही. म्हणून बहुतेक जण ठेवत नाहीत.

मग मालक अडकतो कुठे?

दोन ठिकाणी.

पहिलं, कलम १८८. दारू पिऊन गाडी चालवायला जो प्रोत्साहन देतो किंवा मदत करतो, त्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. ड्रायव्हर प्यायलाय हे माहीत असूनही 'जा, हळू चालव' म्हणत मालकाने चावी हातात दिली, तर हे कलम त्याच्यावर येऊ शकतं.

दुसरं, इन्शुरन्स. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम १५० मध्ये, ड्रायव्हर नशेत होता हा बचाव इन्शुरन्स कंपनीला थर्ड पार्टी क्लेममध्येही घेता येतो. कोर्ट अनेकदा कंपनीला आधी पीडित कुटुंबाला पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. एकच गाडी, तीही हप्त्यावर घेतलेली, अशा मालकासाठी ही रक्कम घर-जमिनीपर्यंत जाऊ शकते.

'टेस्टच झाली नाही, मग सिद्ध कसं करणार?' असं कुणाला वाटत असेल, तर २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा. इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस असं ते प्रकरण. दिल्लीत २००७ मध्ये एका कंपनीच्या महागड्या कारचा अपघात झाला होता. ब्रेथ टेस्ट किंवा रक्ताची टेस्ट झालेली नव्हती. तरी तोंडाला येणारा वास आणि अपघाताची परिस्थिती बघून कोर्टाने इन्शुरन्स कंपनीची बाजू मान्य केली. थोडक्यात, टेस्टचा कागद नसला म्हणजे मालक सुटला असं होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २००४ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात लायसन्सच्या वादावर सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की मालकाने योग्य काळजी घेतली नाही, हे इन्शुरन्स कंपनीने दाखवायला हवं. अशा वेळी काळजी घेतल्याची रोजची लेखी नोंद मालकाच्या बाजूने बोलते.

दोन तासांचं गणित

कलम १८५ खाली अटक झाल्यावर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्या व्यक्तीला सोडावं लागतं. माळशेजच्या वाटेवर किंवा आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात रात्री घटना घडली, तर तिथून नारायणगाव किंवा मंचरच्या सरकारी रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातच यातला बराच वेळ जातो.

वेळेला इतकं महत्त्व का? तर शरीर अल्कोहोल सतत जाळत असतं. साधारणपणे दर तासाला रक्तातलं प्रमाण १५ ते २० मिलीग्रॅमने उतरतं. अपघाताच्या वेळी ६० असलेला आकडा दोन तासांनी ३० च्या खाली येऊ शकतो. म्हणून नुसता आकडा पुरत नाही, तो किती वाजताचा आहे हेही लिहिलेलं लागतं.

आणि नमुना कुणाचा आहे, हेही. १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे कारच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव गेला. त्यानंतर अल्पवयीन चालकाचा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. नमुना कुणी घेतला, कुणी सील केला, कुणाकडे दिला ही साखळी किती महत्त्वाची असते, ते अख्ख्या महाराष्ट्राने तेव्हा बघितलं.

बाकीच्यांकडे कसं चालतं?

भारतात रेल्वेचा लोको पायलट ड्युटीवर येताना ब्रेथ अ‍ॅनालायझरवर फुंकतो आणि त्याची नोंद सिस्टीममध्ये होते. पायलटसाठी तर मर्यादा शून्य आहे. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आला की लायसन्स ३ महिन्यांसाठी निलंबित होतं.

अमेरिकेत हेच ट्रक कंपन्यांना लागू आहे. तिथे पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि टेस्टला दिलेला नकार यांचं रेकॉर्ड किमान ५ वर्षं, नमुना घेण्याच्या प्रक्रियेचे कागद २ वर्षं आणि निगेटिव्ह रिपोर्ट १ वर्ष जपावा लागतो. ६ जानेवारी २०२० पासून ड्रायव्हरच्या चाचण्यांचा एक राष्ट्रीय डेटाबेसही सुरू आहे. एका कंपनीत पॉझिटिव्ह आलेला ड्रायव्हर गुपचूप दुसरीकडे लागू नये, म्हणून नोकरी देण्याआधी तो तपासावाच लागतो.

एका गाडीच्या मालकाने काय करावं?

यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एक चांगलं मशीन आणि एक वही पुरते. वहीत तारीख, वेळ, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, मशीनचा नंबर, त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, रीडिंग आणि दोघांच्या सह्या असाव्यात. वहीची पानं क्रमांक टाकलेली हवीत. खाडाखोड केली तर तिथे सही हवी.

रीडिंग आलं तर १५ मिनिटं थांबून पुन्हा टेस्ट घ्यावी, कारण माउथवॉशसारख्या गोष्टींमुळेही मशीन आकडा दाखवू शकतं. दुसऱ्यांदाही आकडा आला तर गाडी कुणी नेली, तेही लिहावं. नाहीतर पॉझिटिव्ह नोंद करून त्याच ड्रायव्हरला पाठवलं, तर तीच वही मालकाच्या विरोधात पुरावा ठरेल.

शून्य आलेली नोंदही तितकीच गरजेची. फक्त पॉझिटिव्ह नोंदी असलेल्या वहीवरून टेस्ट रोज होत होती, हे कळत नाही.

आणि ड्रायव्हरचं काय?

ही वही त्याच्यावर पाळत ठेवायला वापरली तर ती टिकणार नाही. टेस्ट त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि सगळ्यांना सारखी व्हायला हवी. मालकाचा भाऊ गाडी नेत असेल तर त्यानेही फुंकायचं. डॉक्टरने दिलेल्या खोकल्याच्या काही औषधांमुळे नशेची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स फाइलला लावावी. रीडिंगचा फोटो ट्रान्सपोर्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं तर साफ चूक. एखाद्याचं नाव एकदा खराब झालं की पुढचं काम मिळणं अवघड होतं.

रात्री दोन वाजता हायवेवर धडक झाली की जमलेली गर्दी पहिलं वाक्य हेच बोलते, 'ड्रायव्हर पिलेला असणार.' तो खरंच प्यायला असेल तर समोरच्या कुटुंबाला न्याय मिळायला पुरावा लागतो. नसेल प्यायला, तर निघताना वहीत लिहिलेलं शून्य त्या ड्रायव्हरच्या कामी येतं.