पावसाळ्यातील मधपेटी आणि साखरपाणी

नाशिक म्हटले की द्राक्षाचे मळे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु मधमाशीच्या दृष्टीने द्राक्षबाग जवळजवळ रिकामीच. त्या फुलोऱ्यात मकरंद नसल्यासारखाच असतो. माशीचा खरा आधार म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातील रानझाडे व खुरासणी, आणि पूर्वेकडील शेतांतील कांद्याचे डोंगळे. डोंगळ्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंडे येतात आणि त्यांत बी भरण्यासाठी माश्यांची ये-जा अत्यावश्यक असते. त्या वेळी पेटी माश्यांनी भरलेली हवी असेल, तर ती आधीच्या पावसाळ्यात जगवावी लागते. आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे शेतकऱ्यांची आहेत, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडतो.

जून ते ऑगस्ट या काळात घाटाकडे पाऊस उसंत देत नाही. माश्यांना बाहेर पडता येत नाही, फुलांतील मकरंद धुऊन जातो. वसाहत साठवलेल्या मधावर जगते आणि तो मध तर आपण उन्हाळ्यातच काढून घेतलेला असतो. साठा संपला की राणीमाशी अंडी घालणे आवरते, रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो आणि आपली देशी सातेरी माशी अखेरीस पेटी सोडून जाते. ‘माशी पळाली’ असे आपण म्हणतो. बहुधा ती उपाशी असते.

यावर उपाय साखरपाण्याचा. पाणी उकळून आचेवरून उतरवावे, त्यात तितक्याच वजनाची पांढरी साखर विरघळवावी आणि गार करून द्यावे. सातेरीच्या एका वसाहतीस आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखर पुरते. गूळ स्वस्त वाटला तरी देऊ नये. त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारचा मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो. पसरट वाटीत साखरपाणी ओतून वर काड्या तरंगत ठेवाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. वाटी पेटीच्या आतच, सायंकाळी आणि सर्व पेट्यांत एकाच दिवशी ठेवावी. बाहेर थेंब सांडले तर वासाने परक्या माश्या येतात आणि दुबळी वसाहत लुटली जाते. साखरेने माश्या जगतात, पण पिलाव्याचे पोषण होत नाही. पराग दिसत नसेल तर तेल काढलेले सोयाबीनचे पीठ व यीस्ट साखरेत मळून लहान वडी चौकटींवर ठेवावी.

खुरासणीची शेते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळी झाली की हे सारे थांबवावे. मधकोठी चढविल्यानंतरही साखरपाणी चालू ठेवले, तर पोळ्यात साठते ती साखरच. ती मध म्हणून विकणे ही फसवणूक होय. खरे तर मे महिन्यात मध काढताना पिलाव्याच्या कोठीतील मधाला हातच लावला नाही, तर साखरेचा खर्च बराच वाचतो. पेटी प्रथमच घेणाऱ्याने पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आधी शिकून घ्यावे. १९६२ पासून ती संस्था हेच काम करीत आहे.