तळे बुजवू नका, कमळाची गर्दी मोडा



गेल्या हिवाळ्यात गोराईच्या एका भगिनीचे पत्र कार्यक्रमाकडे आले. वाडीच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी खणलेले लहानसे तळे आहे, उन्हाळ्यात भाजीला पाणी त्यातलेच. पाच वर्षांपूर्वी हौसेने त्यात कमळ आणि लिली लावली. पहिली दोन-तीन वर्षे गणपतीत फुले दादरच्या बाजारात गेली, चार पैसे हाती आले. आता तळ्यात पाण्यापेक्षा पाने जास्त. फूल औषधालासुद्धा नाही, कळशी बुडवायला जागा नाही, आणि डासांवरून शेजाऱ्यांची रोज बोलणी. "मुलगा म्हणतो, डेब्रिजचे दोन ट्रक आणून बुजवून टाकू. काय करावे?" असे त्यांनी विचारले होते.

उत्तर रेडिओवर दिले, पण दोन मिनिटांत काय सांगणार? म्हणून फेब्रुवारीत जाऊन तळे पाहिले आणि घरच्या मंडळींबरोबर चिखलात उतरून काम केले. तेच इथे सविस्तर लिहितो. मनोरीला, आरेच्या पाड्यांवर किंवा मुलुंडकडे ज्यांच्या वाडीत असे डबके आहे, त्यांना ते जसेच्या तसे लागू पडेल. वसईकडच्या बावखलातही हीच रीत चालते.

बुजवायचा विचार आधी डोक्यातून काढा. खाडीकाठच्या गावात गोड्या पाण्याच्या डबक्याचे मोल मी सांगायला नको. डेब्रिज एकदा पडले की ते पुन्हा उकरून कोणी काढत नाही.

फूल का थांबते?

बहुतेकांना वाटते, खत कमी पडले. मग तळ्यात युरिया फेकतात. असे कधीही करू नका. युरिया पाण्यात विरघळतो, पाणी हिरवे होते, शेवाळ माजते आणि मासे मरतात. खरे दुखणे जागेचे आहे. केळीच्या बेटातले मुनवे वेळेवर काढले नाहीत तर घड बारीक येतो, तसेच इथे होते. कमळाचा कंद चिखलात आडवा पळतो. जागा संपली की कंदावर कंद चढतात, पानावर पान येते, खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि झाडाची सगळी ताकद नुसत्या पानांत जाते. लिलीची पाने पाण्यावर तरंगायचे सोडून एकमेकांना ढकलत वर उभी राहू लागली, तर समजा की वाटणीची वेळ झाली. टबात लावलेले कमळ दर वर्षी, फार तर वर्षाआड काढून लावावे. लिलीला दोन-तीन वर्षे चालतात.

गर्दीचा त्रास माशांनाही होतो. रात्री वनस्पतीसुद्धा पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि तळाशी सडणारी पाने तर फारच खातात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर ते खेळत नाहीत, गुदमरत आहेत. डास खाणारे मासेच मेले तर डास वाढणारच. गोराईला नेमके हेच झाले होते.

कमळ आणि लिली यांतला फरक आधी ओळखा, कारण दोघांची लावणी वेगळी आहे. कमळाचे पान छत्रीसारखे पाण्याच्या वर उभे राहते, अखंड गोल असते, दांडा मधोमध असतो, आणि पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा घरंगळतो. लिलीचे, म्हणजे कुमुदाचे पान पाण्यावर पसरते आणि त्याला कडेपासून दांड्यापर्यंत चीर असते. बाजारात निळे कमळ म्हणून विकतात ती लिलीच असते.

केव्हा आणि कसे काढावे?

आपल्याकडे कमळ थंडीत मलूल होते, पाने तपकिरी पडतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत नवा कोंब हलू लागण्याच्या सुमारास काम उरकावे. तेव्हा लावलेल्या कमळाला पावसाळ्याच्या आगेमागे फूल लागते आणि गणपतीचा बाजार सापडतो. भर पावसात हात घालू नका. लिली सोशिक आहे, पण तिचेही याच दिवसांत करून टाकलेले बरे.

तळ्यातले पाणी वीत-दीड वीत राहील इतके उपसा आणि भाजीला सोडा. उतरताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर त्या दिवशी उतरूच नका. उंदराच्या मुतामुळे साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, आणि आपल्या मुंबईत त्याने माणसे दगावली आहेत. कमळाच्या दांड्याला बारीक काटे असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. पानांखाली दिवड असण्याचा संभव असतो. तो बिनविषारी आहे, मारू नका, काठीने पाणी हलवले की निघून जातो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कंद ओढायचा नाही. कॉलेजात असताना मी हा उद्योग केला होता. जोर लावून कंद उपसले, टोकाचे कोंब सगळे मोडले, आणि लावलेले बहुतेक तुकडे कुजून गेले. कमळाचा कोंब काकडीसारखा कडकन मोडतो. तेव्हा हाताने चिखल चाचपत जा, कंदाचे टोक शोधा, भोवतालची माती धुऊन काढा आणि मग तुकडा सावकाश उचला. एका तुकड्याला दोन ते तीन पेरी आणि एक धडका कोंब हवा. पेऱ्याच्या पलीकडे धारदार कोयत्याने कापा. कापलेल्या तोंडातून कंदाची भोके दिसतात, त्यांतूनच झाडाला हवा पोचते. दांडेही पोकळ असतात. म्हणून जुनी पाने छाटायची तर दांडा पाण्याच्या वर दोन बोटे राहील असा कापा. पाण्याखाली कापलात तर पाणी आत शिरून कंद सडण्याचा धोका आहे.

लिलीचे काम सोपे आहे. कुंडीसकट उचला, मुळांचा गठ्ठा बादलीत धुवा. जाड गड्ड्याला जागोजागी फुटवे दिसतील. काळा, मऊ, घाण वास येणारा भाग फेकून द्या. फुटव्यासकट चार ते सहा इंचांचा टणक तुकडा ठेवा, मोठी पाने काढा, दोन-तीन कोवळी राहू द्या. काही लिलींचा गड्डा आडवा न वाढता गोल असतो. त्याच्या बाजूला आलेली पिल्ले नुसत्या हाताने सुटतात. काढलेले सगळे ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. उन्हात अर्धा तास राहिले तरी नुकसान होते.

एक पथ्य पाळा. सगळे तळे एका दिवसात रिकामे करू नका. पानांची सावली एकदम गेली की पाणी तापते आणि हिरवे होते. निम्मे आता करा, निम्मे पंधरा दिवसांनी.

पुन्हा लावताना

पुन्हा उघड्या चिखलात लावू नका, टबातच लावा. गोराईला घोटाळा तिथेच झाला होता. कंदाला मोकळे रान मिळाले आणि त्याने तळे गिळले. कमळाला सुमारे दोन फूट रुंद, फूटभर खोल, बिनभोकाचा गोल टब हवा. चौकोनी टबाच्या कोपऱ्यात कोंब अडकून मोडतो. लिलीला फूट-सव्वा फूट रुंदीचे जुने घमेले पुरते.

माती भातखाचरातली चिकण घ्या. विकतची कुंडीची हलकी माती पाण्यावर तरंगते, ती नको. खाजणातली माती तर मुळीच नको, ती खारी असते आणि कमळाला खारेपणा सोसत नाही. शंका आली तर मूठभर माती भिजवून उन्हात वाळवा. वर पांढरी खपली धरली तर ती माती सोडून द्या. शेणखत पुरते कुजलेले असेल तरच तळाशी दोन बोटे घाला. कच्चे शेण पाण्यात सडते आणि कंदालाही सडवते.

कमळाचा कंद टबाच्या कडेने आडवा ठेवा, कोंब मोकळ्या बाजूकडे. दीड-दोन इंच माती कंदावर ओढा, पण कोंबाचे टोक उघडे ठेवा. कंद तरंगून वर येऊ नये म्हणून पेऱ्यावर एखादा चपटा दगड ठेवा. सुरुवातीला मातीवर पाणी चार बोटेच हवे. पाने उभी राहू लागली की हळूहळू वाढवा.

लिलीचा आडवा गड्डा कुंडीच्या कडेला तिरपा लावा, फुटवा मध्याकडे. गोल गड्डा मधोमध लावा. दोन्हींत फुटव्याचे तोंड मातीच्या वर राहिले पाहिजे. ते गाडले गेले तर सडते. वर इंचभर जाड रेती किंवा खडी पसरा, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. कुंडी आधी पाणी घालून भिजवून घ्या आणि मगच तळ्यात हळूच उतरवा, नाहीतर सगळी माती वर येते. पहिले पंधरा दिवस ती विटांवर ठेवा, म्हणजे वर वीतभर पाणी राहील. नंतर विटा काढत जा.

खत लगेच नको. कमळाला तीन-चार पाने उभी राहिल्यावर, लिलीला नवी पाने तरंगल्यावर द्यावे. चहाचा एक चमचा सुफला १५:१५:१५ वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट बांधा आणि ती पुडी मुळांपासून थोडी लांब, मातीत बोटभर खोल खुपसा. फुलांच्या दिवसांत महिन्यातून एकदा पुरे. पाण्यात खत मिसळता कामा नये, सगळी युक्ती यातच आहे. पानांवर मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, मासे तो खातात. औषध मारू नका.

तळ्याचा निम्मा भाग, फार तर दोन तृतीयांश पानांनी झाकलेला असावा. बाकी पाणी उघडे राहू द्या. त्यात गप्पी मासे सोडा. महापालिकेचा कीटकनाशक विभाग डासांसाठी हेच मासे वापरतो. मात्र पावसात भरून नाल्याला मिळणाऱ्या तळ्यात ते सोडू नका, बाहेरच्या पाण्यात पसरून ते तिथले लहान मासे हटवतात. रिकामे टब पालथे घाला. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते, आणि कमळासाठी आणलेल्या टबातच डेंग्यूचा डास झाला तर शेजारी बोलणारच.

एका भाऊंनी आम्हाला विचारले होते की पाणी गार राहायला जलपर्णी सोडू का? बिलकूल नाही. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती पवई तलावाला किती वर्षे छळते आहे, आणि ती काढण्यावर महापालिकेचा किती खर्च होतो, हे आपण पाहतोच. तुमच्या तळ्यात एक रोप दिसले तरी त्याच दिवशी काढा.

काढलेला पाला नाल्यात टाकू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांनी काय केले ते दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांच्या काठच्या लोकांना विचारा. पाला दोन-तीन दिवस बांधावर पसरून सुकवा, मग शेण आणि मातीचे थर देत खड्ड्यात घाला. पावसाळ्याअखेर चांगले खत हाती येते. लिलीचे सडके गड्डेही त्यातच जाऊ द्या.

गोराईच्या तळ्यातून त्या दिवशी कमळाचे पस्तीस-चाळीस कंद निघाले. सहा पुन्हा लावले, डझनभर शेजाऱ्यांना दिले. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलेले कंद आठवडाभर सहज टिकतात, तेव्हा द्यायची घाई नसते. राहिलेल्या कोंब मोडलेल्या कंदांची त्या भगिनींनी काचऱ्या करून भाजी केली. तळ्यात सांडपाणी येत नसेल तरच ती खावी. कंद सोलून, भोकांतला चिखल काडीने नीट धुऊन घ्या, नाहीतर दाताखाली रेती येते.