हातखंब्याच्या तिठ्यावर

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा आणि रत्नागिरी-कोल्हापूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांस मिळतात. पाट्या मोठ्या आहेत, अक्षरेंही ठळक आहेत, तरी समोर पाटी असतां "ही गाडी रत्नागिरीचीच काय हो?" असें विचारणारी एखादी बाई तेथें अजून भेटते.

याच जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मलेल्या नामदार गोखल्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मार्च १९११ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळापुढें मांडलें. मागणी किती माफक! जेथें मुलें आधींच बऱ्या संख्येनें शाळेंत जातात तेथें, आणि स्थानिक संस्थेनें मनावर घेतलें तरच सक्ती. तरी तें १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. पुढें राज्यघटनेनें दहा वर्षांची मुदत घातली, तीही उलटली. शिक्षणहक्काचा कायदा अमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. अशिलानें मुदत चुकविली तर दावा बुडतो. सरकारनें चुकविली तर पिढ्या बुडतात.

कायद्याच्या नियमांप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत हवी. पण नकाशावरील किलोमीटर सपाट असतो. आमच्या वाड्यांच्या वाटेंत पाखाडी, वहाळ आणि मोडका साकव असतो. आषाढांत वहाळ भरला कीं मूल घरीं. तरी मुलांची स्थिति पुष्कळ सुधारली, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. खरी अडचण कायद्याच्या वयाबाहेर आहे. कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. त्यांच्या आया-आज्यांचें नांव त्यांत नाहीं.

२०११ च्या खानेसुमारींत या जिल्ह्यांतील पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें ९१ साक्षर निघाले, स्त्रियांपैकीं सुमारें ७५. म्हणजे चार स्त्रियांत एक निरक्षर. जगांत सत्तर कोटींहून अधिक प्रौढ निरक्षर असून त्यांत दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. आम्हीही त्याच पंक्तीस बसलों आहों. पुरुष पोटासाठीं मुंबईस गेला, तेथें त्यास अक्षरांवांचून गत्यंतर नव्हतें. शेत, गुरें, सासू-सासरे व पोरें जिच्या अंगावर पडलीं तिच्या हातीं पाटी कोणीं दिली?

याची किंमत आम्हीं वकिलींत पाहिली आहे. भावाच्या लाभाचें हक्कसोडपत्र. शेवटीं "वाचून दाखविलें, समजलें, कबूल" ही ठराविक ओळ, आणि खालीं बहिणीचा अंगठा. वाचून दाखविणारा बहुधा तोच, ज्यास मिळकत मिळावयाची! २००५ सालीं कायद्यानें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतका वाटा दिला. एका अंगठ्यानें तो परत जातो.

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीं केंद्र सरकारनें २०२२ मध्यें नवभारत साक्षरता योजना काढली. ती स्वयंसेवकांच्या भरंवशावर आहे. परंतु भातलावणीच्या दिवसांत किंवा चुलीवर भाकरी असतां वर्ग भरवावा आणि मग "बायका येत नाहींत" असा शेरा मारावा, हा कोणता न्याय? झोडणी आटोपल्यावर दुपारीं दोन ते चार ही वेळ त्यांस सोयीची. त्याच वेळीं बाजारांत गिऱ्हाईकही थंडावतें. तिठ्यावरील व्यापारी बंधूंनीं दुकानाची पडवी तेवढे दोन तास मोकळी करून द्यावी, आणि शिकलेल्या सुनांनीं व मुलींनीं शिकवावें. पहिल्या धड्यास सातबाऱ्याचा उतारा आणि बँकेचें पासबुक घ्यावें. हक्कसोडपत्राचा मसुदा दुसऱ्या आठवड्यांत. तो आम्ही स्वतः आणून देऊं.