अस्थिमज्जा निष्फलता

अस्थिमज्जा निष्फलता : रक्तकोशिका निर्माण करण्याचे अस्थिमज्जेचे कार्य मंदावते किंवा थांबते अशा विकारसमूहाला ही संज्ञा आहे. अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणजेच अविकासी पांडुरोग हा त्यांतील प्रमुख विकार होय.

प्रौढ माणसात कटीची हाडे, मणके, उरोस्थी व बरगड्या यांतील तांबड्या मज्जेत रक्तकोशिका तयार होतात. हे कार्य मज्जेचेच आहे, असे एर्न्स्ट नॉयमान व जूल्यो बिद्झोझेरो यांनी १८६८ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले. मज्जेतील मूल कोशिकांपासून तीन प्रकारच्या कोशिका उत्पन्न होतात : ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या कोशिका, जंतूंचा प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या कोशिका व रक्तस्राव थांबविणारे बिंबाणू. तांबडी कोशिका सु. १२० दिवस, बिंबाणू ८ ते १० दिवस, तर पांढऱ्या कोशिकांपैकी न्यूट्रोफिल रक्तप्रवाहात काही तासच टिकतात. प्रतिदिनी सु. २०,००० कोटी नव्या तांबड्या कोशिका लागतात. त्यामुळे निर्मितीत खंड पडताच उणीव भासू लागते.

कारणे : पाउल एर्लिख यांनी १८८८ मध्ये एका गर्भवती तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या मज्जेत रक्तोत्पादक ऊतकाऐवजी चरबी आढळल्याचे नोंदविले. बहुतेक रुग्णांत प्रतिरक्षा यंत्रणाच स्वतःच्या मूल कोशिकांचा नाश करते, असे आता मानले जाते. बेंझीन, क्लोरँफिनिकॉलसारखी काही औषधे, तीव्र प्रारण आणि क्वचित यकृतशोथ यांनंतरही हा विकार उद्‌भवतो. आनुवंशिक प्रकारांत ग्विडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये वर्णिलेला पांडुरोग महत्त्वाचा आहे. तो बहुधा आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्याने होतो. म्हणून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा धोका वाढतो.

लक्षणे : तांबड्या कोशिकांच्या उणिवेने फिकटपणा, थकवा व धाप, पांढऱ्या कोशिकांच्या उणिवेने ताप व वारंवार जंतुसंसर्ग, बिंबाणूंच्या उणिवेने हिरड्यांतून वा नाकातून रक्तस्राव आणि त्वचेवर तांबडे-जांभळे ठिपके, अशी लक्षणे दिसतात.

निदान : रक्तातील कोशिका कमी असणे म्हणजे मज्जा निष्फल असणे नव्हे. सिंधुदुर्गासारख्या किनारी जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथे पावसाळ्यात डेंग्यू व भातशेतीच्या चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हे रोग आढळतात. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये गोचिडांद्वारे पसरणाऱ्या क्यासनूर जंगल रोगाची (माकडतापाची) साथ उद्‌भवली. या सर्व ज्वरांत बिंबाणू घटू शकतात. डेंग्यू व माकडताप यांत पांढऱ्या कोशिकाही घटतात. परंतु ताप ओसरल्यावर ही संख्या बहुधा लवकरच पूर्ववत होते. ती तशी न झाल्यास किंवा तिन्ही प्रकारच्या कोशिका कमीच राहिल्यास मज्जेची तपासणी आवश्यक ठरते. त्यासाठी जागा बधिर करून कटीच्या हाडातून मज्जेचा लहानसा तुकडा काढतात.

ब१२ जीवनसत्त्व वा फॉलिक अम्ल यांच्या न्यूनतेनेही तिन्ही कोशिका घटतात. मात्र तेव्हा मज्जा रिकामी नसून सदोष कोशिकांनी भरलेली असते आणि विकार पूर्णपणे बरा होऊ शकतो. लूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला व यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातूनच पुढे फॉलिक अम्लाचा शोध लागला. अविकासी पांडुरोगात मात्र लोहाच्या गोळ्या वा शक्तिवर्धक औषधे निरुपयोगी ठरतात.

न्यूट्रोफिल प्रति घ. मिमी. ५०० पेक्षा व बिंबाणू २०,००० पेक्षा कमी असून मज्जाही बव्हंशी रिकामी असल्यास विकार तीव्र समजतात. अशा रुग्णाला ताप येणे ही तातडीची अवस्था होय. काही तासांत प्रतिजैव औषधे सुरू करावी लागतात. म्हणून मालवण वा देवगड येथील रुग्णाने दूरच्या रुग्णालयाचा प्रवास करण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयात किंवा ओरोस येथील जिल्हा रुग्णालयात प्रथमोपचार घेणे हितावह असते.

चिकित्सा : तरुण रुग्णाला ऊतक-जुळणी असलेल्या सख्ख्या भावंडाची मज्जा रोपण करणे हा सर्वोत्तम उपाय होय. प्रत्येक भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. मज्जारोपण तंत्राच्या विकासाबद्दल ई. डॉनल टॉमस यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी मज्जारोपण करण्यात आले. रोपण शक्य नसल्यास घोड्याच्या रक्तरसापासून बनविलेले प्रतिपिंड, सायक्लोस्पोरीन व एल्ट्राँबोपॅग ही औषधे देतात. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत फॅन्कोनी पांडुरोगावर संशोधन होते.

रक्ताधानाने रुग्ण तगतो, परंतु मूळ विकार हटत नाही. शिवाय वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचते. रोपणाची शक्यता असल्यास आईवडील वा भावंडे यांचे रक्त रुग्णाला देऊ नये; त्यामुळे त्याचे शरीर त्यांच्या ऊतकांविरुद्ध संवेदनशील बनते व पुढे रोपित मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. आप्तांनी रक्तपेढीत अन्य रुग्णांसाठी रक्तदान करावे. पूर्वी तीव्र विकाराचे बहुसंख्य रुग्ण वर्षभरात दगावत. आता वेळेवर निदान व उपचार झाल्यास बऱ्याच रुग्णांना दीर्घायुष्य लाभते.