उष्णतापंप आणि संहत उष्णताविनिमयक

पंप विहिरीतील पाणी वर चढवितो. तो पाणी निर्माण करीत नाही. ‘उष्णतापंप’ ही संज्ञा याच अर्थाने अन्वर्थक होय. उष्णता स्वभावतः उष्ण पदार्थाकडून शीत पदार्थाकडे जाते. तिला उलट दिशेने न्यावयाचे तर बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. रेफ्रिजरेटरही हेच करतो. भेद केवळ हेतूचा आहे. ही कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये मांडली.

झुरिक येथील नगरभवनात १९३८ मध्ये बसविलेला उष्णतापंप लिमाट नदीच्या थंड पाण्यातून उष्णता घेऊन इमारत उबदार ठेवीत असे. अशा यंत्रात कमी दाबाखालील प्रशीतक द्रव नदीची उष्णता शोषून उकळतो. कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब व तापमान वाढवितो. पुढे ती वाफ आपली उष्णता इमारतीतील पाण्यास देऊन पुन्हा द्रवरूप होते, आणि झडपेतून जाताना दाब उतरून चक्र पूर्ण होते. उष्णतेची ही देवाणघेवाण ज्या दोन ठिकाणी घडते, तेथील साधने म्हणजे उष्णताविनिमयक.

यंत्राची कार्यक्षमता या विनिमयकांवर किती अवलंबून असते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ०° सेल्सियसवरील उष्णता ५०° सेल्सियसवर न्यावयाची असल्यास, आदर्श यंत्रात विजेच्या एका भागामागे उष्णतेचे सुमारे साडेसहा भाग मिळतात. परंतु उष्णता वाहण्यासाठी प्रत्येक विनिमयकात तापमानाचा काही फरक असावा लागतो. तो ५ अंश धरला, तर यंत्राला प्रत्यक्षात −५° पासून ५५° पर्यंत चढ चढावा लागतो, व हे प्रमाण साडेपाचांवर येते. प्रत्यक्ष यंत्रात ते याहूनही कमी असते. म्हणून हा फरक घटविणे अगत्याचे ठरते.

विनिमयकाचा आकार वाढविणे हा त्यावरील एक उपाय. नलिका बारीक करणे हा दुसरा. नलिकेचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच घनफळात पृष्ठभाग दुप्पट होतो. प्रवाह संथ व स्तरीय असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून होणारे उष्णतावहनही दुप्पट होते. अशा रीतीने एकूण लाभ चौपट होतो. सुमारे एक मिलिमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या समांतर वाहिन्या असलेले अ‍ॅल्युमिनियमचे विनिमयक मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांतून पुढे आले, ते याच तत्त्वावर.

या संहततेचे महत्त्व जागा वाचविण्यापुरते नाही. झुरिकच्या यंत्रातील आर-१२ हे द्रव्य ओझोनच्या थरास घातक ठरले, व १९८७ च्या माँट्रियल करारान्वये अशा द्रव्यांवर निर्बंध आले. त्यांची जागा घेणारी हायड्रोफ्लुओरोकार्बने ओझोनला निरुपद्रवी असली, तरी वातावरण तापवितात; त्यांचा वापर घटविण्याचे २०१६ मध्ये किगाली येथे ठरले. प्रोपेन या दोन्ही दोषांपासून जवळजवळ मुक्त आहे. मात्र ते ज्वालाग्राही आहे. म्हणून यंत्रात त्याचे प्रमाण अत्यल्प असावे लागते. वाहिन्या जितक्या बारीक, तितके विनिमयकात साठणारे द्रव्य कमी.

अर्थात बारीक वाहिन्यांत प्रवाहास अवरोध वाढतो. हवेतील धूळ व हिम पंखांमध्ये अडकतात. या अडचणींचे निवारण जितके होईल, तितका निरुपद्रवी प्रशीतकाचा मार्ग मोकळा होईल.